गादीवर अथल्या असताना

शेगुलाबाई आष्टमकर कुठल्याही घरात शिरल्या की आधी चौकटीच्या उजव्या अंगाला हात लावायच्या आणि बोटं ओठांशी न्यायच्या. त्यांच्या स्वतःच्या दाराला त्या जागी देवाच्या वचनाची छोटी डबी ठोकलेली होती. चित्राच्या घराच्या चौकटीवर असलं काही नव्हतं, गणपतीचं एक स्टिकर होतं, पण हात आपसूक जायचा. चित्राने एकदा विचारलं, "मावशी, काय आहे तिथे?" तर म्हणाल्या, "काही नाही गं, सवय. तुझ्या गणपतीला राग नाही येणार."

शेगुलाबाई बेने इस्राएल होत्या. म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. त्यांच्या आजोबांचा रेवदंड्याला तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. वडील हस्केल मास्तर शाळेत शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी कीर्तन करत. झांजा, पेटी, साकी, दिंडी सगळं आपल्यासारखंच, फक्त आख्यान योसेफाचं किंवा दाऊद राजाचं. त्या लोकांत ती रीतच होती. बाकी सगळं भावकीचं माणूस एक्कावन्न साली बोटीत बसून इस्राएलला गेलं. शेगुलाबाईंचं तोवर लग्न झालेलं होतं. नवरा सायमन जहाजावरचा फिटर. पुढे त्याला सेंबावांगच्या गोदीत काम मिळालं आणि त्या सिंगापूरला आल्या. मूल झालं नाही. सायमन शहाऐंशी साली गेला. वुडलँड्सचा दोन खोल्यांचा फ्लॅट तेवढा राहिला.

शनिवारी त्या वॉटर्लू स्ट्रीटवरच्या प्रार्थनामंदिरात जायच्या. तोंडात मात्र रेवदंड्याचाच शब्द, मशीद. तिथे वरच्या सज्जात बसलेल्या बायका बगदादकडच्या, इंग्रजीत बोलणाऱ्या, चांगल्या मनाच्या. पण दिवसभरात मराठी शब्द कानावर पडायचा नाही. म्हणून शेजारच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे बाजूच्या इमारतीत, चित्रा आणि मंदार राहायला आले, दोघंही कॉम्प्यूटरवाले, आणि त्यांना मुलीसाठी बाई हवी होती, तेव्हा शेगुलाबाई पगाराचं न विचारताच हो म्हणाल्या. किमया तेव्हा चार वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात तिने त्यांना आजी म्हटलं. शेगुलाबाईंना त्याआधी कोणीच आजी म्हटलं नव्हतं. त्या घरी जाऊन सायमनच्या फोटोला सांगत्या झाल्या, "ऐकलंस का, नात झाली."

किमया सहा वर्षांची झाली त्या वर्षी धूर आला.

सत्त्याण्णवचा सप्टेंबर. इंडोनेशियात जंगलं पेटलेली होती आणि वारा सगळा धूर इकडे लोटत होता. वुडलँड्सच्या नवव्या मजल्यावरून एरवी शेजारच्या देशात, जोहोरकडे जाणारा पूल दिसायचा, त्यावरच्या गाड्यांची रांग दिसायची. आता समोरचा ब्लॉकसुद्धा दिसेना. सूर्य उगवायचा तो जखमेवरच्या आयोडीनसारखा. रेडिओवर रोज धुराचा आकडा सांगत, तो दोनशेच्या वर गेला आणि सगळ्या खिडक्या बंद झाल्या. किमया बालवाडीतून दुपारी घरी यायची ती खोकतच. खाली खेळायला बंदी.

"आजी, स्टोरी," ती बालवाडीतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची. "बोअरिंग ला."

शेगुलाबाईंच्या सगळ्या गोष्टी सांगून झाल्या. टोपलीतला मोशे झाला, योसेफाचा अंगरखा झाला, मोठ्या माशाच्या पोटातला योना दोनदा झाला. शुक्रवारी दुपारी किमया म्हणाली, "किंगची सांग. लपण्याची. हायडिंगवाली."

आणि शेगुलाबाईंच्या तोंडून, अठ्ठावन्न वर्षांत आली नव्हती ती गोष्ट आली.

"यहूदा नावाचं राज्य होतं," त्या म्हणाल्या. "तिथला राजा लढाईत मारला गेला. येहू नावाच्या सेनापतीने मारला. राजाची आई अथल्या. मुलगा मेला म्हटल्यावर तिने काय करावं? रडावं. पण ती रडली नाही. तिने रिकामी गादी बघितली. म्हणाली, आता मीच राणी. पण गादीचे वारस होते ना, राजाची मुलं. तिने हुकूम दिला, सगळ्यांना मारा. एकही ठेवू नका."

"स्वतःच्याच घरातली?"

"हो. तिचा सगळा माहेरचा वंश असाच रक्तात गेला होता, त्याचं विष तिच्यात उतरलेलं. पण राजाची एक बहीण होती, यहोशेबा. तिने मेलेल्यांच्या मधून एक तान्हं बाळ उचललं. योवाश त्याचं नाव. ते आणि त्याची दाई, दोघांना तिने गाद्या-गोधड्या ठेवायच्या खोलीत लपवलं."

"दाई म्हणजे?"

"दुसऱ्याचं मूल सांभाळते ती."

किमयाने पाय पोटाशी घेतले. "आणि अथल्या त्याची कोण?"

"कोणाची? योवाशची? मुलाचा मुलगा म्हणजे... आजी."

किमया त्यांच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात दारात किल्ली फिरली. मंदार होता, ऑफिसातून लवकर आलेला. "चल किमू, डॉक्टरकडे. खोकला ऐकवत नाहीये."

शेगुलाबाई उठल्या नाहीत. "मंदार, दोनच मिनिटं. गोष्ट शेवटाला नेऊ दे."

"मावशी, क्लिनिक पाचला बंद होतं. गोष्ट सोमवारी."

"अरे, अशी मध्येच सोडायची नसते ही."

मंदार हसला. "राणी कुठे पळून जात नाही मावशी." त्याने मुलीला बूट चढवले आणि दोघं लिफ्टकडे गेली. शेगुलाबाईंना मागे जाता आलं असतं. क्लिनिकच्या बाकावर बसून सांगता आलं असतं. पण सहाला शब्बाथच्या, शनिवारच्या विसाव्याच्या, वाती लावायच्या होत्या, अजून अंघोळ व्हायची होती, आणि त्यांनी मनाशी म्हटलं, इतक्या वर्षांनी काय होणार आहे?

कीर्तनाचा एक नेम हस्केल मास्तरांना त्यांच्या गुरूंनी घालून दिला होता. गादीवर खुनी बसलेला असताना कीर्तनकाराने उठायचं नाही. दिवा विझो, पाऊस येवो, त्याला खाली उतरवायचा, खरा वारस बसवायचा, मगच झांज खाली ठेवायची. नाहीतर ऐकणाऱ्याच्या घरी राज्य त्याचंच राहतं.

हा नेम मास्तरांकडून एकदाच मोडला. साल एकोणचाळीस, रविवारची दुपार, रेवदंड्याला घरापुढच्या मांडवात अथल्येचं आख्यान लागलं होतं. मास्तर हौशी. योवाश म्हणून त्यांनी आपल्याच चार वर्षांच्या बेंजीला गोधड्यांच्या पेटाऱ्यात झोपवलं होतं. शेगुला नऊ वर्षांची, ती दाई. पेटाऱ्याच्या फटीत काठी घालून हवा राखायची आणि राज्याभिषेकाच्या वेळी झाकण उघडायचं, एवढं तिचं काम. बरोबर बाळाला लपवलं तिथवर आख्यान आलं आणि खाडीकडून ओरडा झाला, मचवा उलटला, मचवा उलटला. सगळा मांडव धावला. मास्तर धावले. शेगुलाही धावली. काठी धक्क्याने कधी पडली तिला कळलं नाही.

बेंजीची आठवण दिवेलागणीला झाली. आईने झाकण उघडलं तर पोरगा जागा, डोळे उघडे, घाम नाही, रडणं नाही. श्वास ठीक. आईने छातीशी धरलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बाई आली होती. झाकण उघडून बघितलं. म्हणाली, हा नव्हे. परत लावलं."

आई मास्तरांच्या मागे लागली, आत्ताच्या आत्ता आख्यान पुरं करा. मास्तर म्हणाले, "गावातली आठ माणसं खाडीत गेली. मी आज राज्याभिषेक गाऊ?" आज नाही, उद्या नाही, सुतक फिटेपर्यंत नाही, मग कधीच नाही. बेंजी मोठा झाला, पण आई म्हणायची तेच खरं, पोरगा पेटाऱ्यातून बाहेर आला, सगळा आला नाही. काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा, जणू लांबून यायचं. इस्राएलला गेल्यावर मास्तरांच्या पत्रात दर वेळी तीच ओळ, बेंजी बरा आहे, अजून कपाटात झोपतो. चौऱ्याहत्तर साली तो साध्या तापाने गेला. तो कपाटात झोपतो त्याचं कारण त्या काठीजवळ जी असायला हवी होती तिला माहीत होतं, आणि तिने ते सायमनलाही कधी सांगितलं नाही.

सोमवारी शेगुलाबाई आल्या तेव्हा किमया कुठे दिसेना. चित्रा घाईत पर्स भरत होती. "स्टोअररूममध्ये बसलीय सकाळपासून. खेळ काढलाय काहीतरी. खोकल्यामुळे शाळेत नाही पाठवलं."

स्वयंपाकघराला लागून ती खोली, खिडकी नाही. आधीच्या मालकांची मोलकरीण तिथे झोपायची म्हणून दाराला आतून कडी होती. आता तिथे पुण्याहून आणलेल्या गाद्या आणि गोधड्या रचलेल्या असत. शेगुलाबाईंनी दार लोटलं. गोधड्यांच्या थप्पीमागून दोन डोळे दिसले.

"किमया, ये बाहेर. राहिलेली गोष्ट सांगते."

"श्श्," ती म्हणाली. "ती ऐकतेय."

"कोण गं?"

"लेडी. काल आली होती. दार उघडून बघितलं." मग तिने आवाज खाली नेला आणि तोंड वेडंवाकडं न करता, अगदी सांगितल्यासारखं सांगितलं. "म्हणाली, ही नव्हे. आणि परत लावलं."

पेटाऱ्यातलं ते वाक्य शेगुलाबाईंनी या घरात कधी उच्चारलं नव्हतं. त्या तिथेच फरशीवर बसल्या आणि सांगायला लागल्या, मग पुढे काय झालं, की यहोशेबेने बाळाला मंदिरात नेलं... पण किमयाने दोन्ही कानांवर हात घट्ट धरले आणि मोठ्याने एबीसीडी म्हणायला सुरुवात केली. ऐकायचं नाही म्हणून नव्हे. दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी चित्राला उशीखाली एक चित्र सापडलं. एक लांब पलंग, त्यावर ओळीने झोपवलेली मुलं, सगळ्यांचे डोळे फुलीने काढलेले. बाजूला उंच बाई. बाईच्या कपाळावर टिकली नव्हती आणि केसांचा अंबाडा होता. शेगुलाबाई टिकली लावत नसत.

"हे काय सांगितलंत तुम्ही तिला?" चित्राने कागद त्यांच्यापुढे धरला. "नातवंडांना मारणारी आजी? सहा वर्षांच्या मुलीला?"

"आमच्या ग्रंथातली गोष्ट आहे चित्रा. शेवट चांगला आहे. तेवढा मला सांगू दे, तिला बरं वाटेल."

"नाही. मावशी, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते. ती गोष्ट या घरात परत काढायची नाही. मला शब्द द्या."

शेगुलाबाईंनी शब्द दिला. दिला म्हणजे दिला, त्या तशाच होत्या. घरी जाऊन मास्तरांची आख्यानाची वही काढली. कडा वाळवीने खाल्लेल्या. शेवटच्या पानावर राज्याभिषेकाखाली मास्तरांच्या अक्षरात, इथे मलिदा वाटावा, एवढंच; मलिदा म्हणजे त्यांच्यातले नवसाचे गोड पोहे. त्यांनी एलियाहू हन्नबीला, त्यांच्या जुन्या प्रेषिताला, हात जोडले. गंमत अशी की त्या सगळ्या रक्ताची सुरुवात याच नबीच्या शापाने झाली होती, अथल्येच्या बापाचं, अहाब राजाचं घराणं नष्ट होईल म्हणून. आणि कोकणातल्या प्रत्येक बेने इस्राएल घरात मूल आजारी पडलं की नवस बोलायचा तोही यालाच. शेगुलाबाई म्हणाल्या, "पोरगी सगळीच्या सगळी बाहेर येऊ दे. मी मलिदा करीन." सगळीच्या सगळी, हे त्या दोनदा म्हणाल्या.

मंगळवारी किमया जेवायलाही बाहेर आली नाही. ताटली आत सरकवावी लागली. हाक मारली की उत्तर यायचं, पण लगेच नाही. शेगुलाबाई मोजायच्या. आधी तीन मोजेपर्यंत उत्तर यायचं, मग सात, बुधवारी दुपारी पंधरा. हे मोजणं त्यांना लहानपणापासून येत होतं. बेंजीचं त्यांनी असंच मोजलं होतं.

बुधवारी ती कशीबशी सोफ्यावर आली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. खिडक्या बंद, पंखा बंद, बाहेर पिवळा अंधार. शेगुलाबाई तिच्या केसांतून हात फिरवत होत्या. समोर स्टोअररूमचं दार चांगलं लावलेलं होतं. ते हळूच वीतभर उघडलं. कोणी आत डोकावतं तेवढा वेळ तसंच राहिलं. मग लागलं, आणि आतून कडी बसल्याचा आवाज झाला.

मुलगी मांडीवर होती. शेगुलाबाईंनी तिला दोन्ही हातांनी धरलं आणि शमाची प्रार्थना म्हणत राहिल्या, चित्रा येईपर्यंत. चित्रा आल्यावर कडी आतून लागलेलीच होती. मंदारने पट्टी घालून ती काढली आणि म्हणाला, सैल झालीय, आपटली की पडते.

गुरुवारी चित्राने रजा घेतली. शेगुलाबाईंना तिने येऊ नका असं सांगितलं नव्हतं, पण या असंही म्हणाली नव्हती. दुपारी तीनला फोन आला. "मावशी, लगेच या. कडी लावून घेतलीय. आवाज देत नाहीये."

दोन ब्लॉकमधलं अंतर पाच मिनिटांचं. त्या दिवशी धुरात शेगुलाबाईंना स्वतःचे पाय दिसत नव्हते. खालच्या मोकळ्या जागेत म्हातारे चिनी लोक एरवी पट मांडून बसायचे, ते कोणी नव्हते. वर आल्या तेव्हा घरात सगळे दिवे लावलेले आणि चित्रा दारावर मुठी मारत होती.

"किमया! बाळा, उघड. हे बघ, आजी आलीय. आजी आलीय बघ!"

आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. दाराला मागून आधार लागला.

तेव्हा शेगुलाबाईंना समजलं. इतके दिवस किमया राणीला भीत होती ते खरंच होतं, पण राणी म्हणजे आजी, हे तिने त्यांच्याकडून त्या शुक्रवारीच विचारून घेतलं होतं. त्यांनी सांगितलं आणि गोष्ट तिथेच सोडली.

"चित्रा, मला आजी म्हणू नकोस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"या दारासमोर नको म्हणूस. आणि मला माझा शब्द परत दे."

चित्राने त्यांच्याकडे बघितलं. तिचे केस सुटलेले, नखाखाली रंगाचे कपचे. "मंदारला फोन केलाय. तो येतोय, दार तोडू. त्यात काय असं मोठं..."

"दार तोडून अंग बाहेर येईल गं. माझा भाऊ असाच आला होता." आणि तिथेच, फरशीवर बसता बसता, त्यांनी बेंजीचं सांगितलं. पेटारा, काठी, हा नव्हे. फार वेळ नाही लागला. आयुष्यभर न सांगितलेलं सांगायला फार वेळ लागतच नाही. चित्रा हळूच त्यांच्या शेजारी बसली.

"सांगा," ती म्हणाली. "काय असेल ते सांगा."

"शेवट होईपर्यंत उठायचं नाही."

"नाही उठणार."

शेगुलाबाईंनी दाराला पाठ लावली. "किमया, मी गोष्टीतली बोलतेय. तुला उघडायचं नाही. बाळ आत आहे आणि बाहेर राणीचे शिपाई घर धुंडाळतायत. पण दाराला पाठ लावून कोण बसलंय माहितेय? दाई बसलीय."

काही नाही. त्यांनी मोजलं नाही. वहीतली साकी म्हटली. आवाज फुटका निघाला, तरी चाल मास्तरांची होती.

सहा वर्षं दाराआड बाळ ते, दाई राखी दारा ।
सातव्या वर्षी शिंग वाजले, जाग आली नगरा ॥

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "तू जेवढी आहेस तेवढी. देवाच्या मंदिरात बाळ वाढलं, आणि राणीला वाटत होतं राज्य आपलंच. मग यहोयादा नावाचा याजक होता, त्याने शिपायांचे नायक गुपचूप बोलावले. दाऊद राजाचे जुने भाले भिंतीवर होते, ते त्यांच्या हातात दिले. म्हणाला, मुलाच्या डावी-उजवीकडे उभे राहा, तो जाईल तिथे जा."

फोन वाजला. मंदारच असणार. चित्रा अर्धी उठली. शेगुलाबाईंनी तिचं मनगट पकडलं. पंचेचाळीस किलोच्या बाईला एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"बस."

"मावशी, तो..."

"बस म्हणते ना! मी एकदा उठले होते."

फोन वाजत राहिला. घरातले दिवे मध्येच मंद झाले, पुन्हा मोठे झाले. स्वयंपाकघरातून, जिथे कोणी नव्हतं, कापड फरशीवरून ओढत न्यावं तसा आवाज आला आणि त्यांच्या पायापर्यंत येऊन थांबला. चित्रानेही तो ऐकला, कारण तिने पाय आवळून घेतले. शेगुलाबाईंनी डोळे मिटले आणि आवाज चढवला.

"मग मुलाला बाहेर आणलं. डोक्यावर मुकुट ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, राजा चिरायू होवो! राणीने गलका ऐकला. धावत आली, बघते तर खांबापाशी मुलगा उभा. तिने कपडे फाडले, ओरडली, फितुरी! फितुरी! याजक म्हणाला, मंदिरात हिला हात लावू नका. बाहेर न्या. घोड्यांच्या वेशीपाशी नेली तिला. आणि ती परत आली नाही."

फोन थांबला.

"रिअली नाही आली?" आतून, लगेच. एकही आकडा मोजायला वेळ न देता.

चित्राने तोंडावर हात दाबला.

"नाही आली. ग्रंथात लिहिलंय, नगर शांत झालं."

"आणि दाई?"

हे मास्तरांना कोणीच विचारलं नव्हतं. शेगुलाबाईंनीही नाही, आणि त्या तर दाईच झाल्या होत्या. "तिचं पुढे काही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"तिचं नाव काय?"

"तेही नाही लिहिलं."

"तू कोण आहेस?"

"दाई."

"मग तुझं नाव सांग."

शेगुलाबाईंना आजी हा शब्द दोन वर्षं मिळाला होता. तो त्यांनी सोडला. "शेगुला," त्या म्हणाल्या. "माझं नाव शेगुला. मी इथेच होते. आता नाही मी कुठे जात."

आत जड काहीतरी बाजूला सरकलं. कडी निघाली.

किमया बाहेर आली. केसांना कापूस लागलेला, गालावर गोधडीच्या टाक्यांचे वळ. चित्रा तिला उचलायला झेपावली, पण मुलीने एक हात वर करून तिला थांबवलं. दुसऱ्या हाताने दार उघडं धरून ती उभी राहिली, मागून कोणी यायचं असल्यासारखी. आत अंधार आणि गाद्या.

"ये ना," ती आत बघून म्हणाली. "ती गेली. कम ला."

दार तिने तसंच धरलं, एखादं चार वर्षांचं मूल आपल्या आपण उंबरा ओलांडेल तितका वेळ. मग सोडलं. शेगुलाबाई फरशीवर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी नकळत मांडीवरचा पदर सारखा केला आणि दोन्ही हात उघडे ठेवले. खरं सांगायचं तर काही दिसलं नाही. मांडी तेवढी थोडा वेळ ऊबदार झाली.

पाऊस पडायला अजून अवकाश होता, धूर आणखी कितीतरी दिवस राहिला. पण किमया दुसऱ्या दिवशी जेवायला टेबलाशी बसली आणि हाकेला ओ देऊ लागली. त्या दिवसापासून तिने शेगुलाबाईंना नावाने हाक मारायला सुरुवात केली. चित्रा ओरडली, मोठ्यांना असं म्हणतात का? शेगुलाबाई म्हणाल्या, "असू दे गं. माझं नाव घेणारं कोण राहिलंय आता?"

रविवारी त्यांनी मलिदा केला. टेक्का मार्केटमधून पोहे आणले, गूळ, ओला नारळ, वेलची, वर पाच फळं मांडली, एलियाहू हन्नबीचं नाव घेऊन आशीर्वाद म्हटला. मंदार चवीने खात होता. "मावशी, त्या राजाचं पुढे काय झालं? चांगलं राज्य केलं?"

शेगुलाबाईंना पुढचं ठाऊक होतं. ज्या याजकाने वाचवलं त्याच्याच मुलाला योवाशने धोंड्यांनी मारवलं आणि शेवटी नोकरांनी त्याला अंथरुणातच मारलं. लहानपणी त्यांनी विचारलं होतं, बाबा, आपण तेवढ्यावरच का थांबतो? मास्तर म्हणाले होते, पोर गादीवर बसलं की उठावं, पुढचं मोठ्यांनी आपापलं वाचावं.

"घरी ग्रंथ आहे, देईन वाचायला," त्या म्हणाल्या आणि मंदारला अजून एक केळं दिलं.

त्यांनी दोन लहान ताटल्या वाढल्या होत्या. एक किमयापुढे ठेवली. दुसरी हातात घेऊन स्टोअररूमकडे वळल्या तेव्हा किमया तोंडात घास ठेवूनच म्हणाली, "नको, शेगुला. एकच बास. तो गेला ना."

"गेला?"

"त्या दिवशीच. तुझ्या मांडीवर बसला आणि गेला."

शेगुलाबाई खुर्ची ओढून किमयाच्या शेजारी बसल्या आणि दुसरी ताटली स्वतः खाल्ली. नारळ गोड निघाला होता.